सेल्फ आणि डायनामो एकाच युनिटात : १९२४ची डॉज, आर्मेचर भरायचं की नाही?

वखारवाला (निपाणी)

मंडळी, नमस्कार.

आमच्या घरी १९२४ची डॉज ब्रदर्स टूरर आहे. पणजोबांनी तंबाखूच्या धंद्यासाठी घेतलेली. मधली बरीच वर्षं वखारीत पत्र्याखाली उभी होती, वडिलांनी ती पुन्हा रस्त्यावर आणली, आता माझ्याकडे आहे. चार सिलिंडर, साडेतीन लिटरचं इंजिन ठणठणीत आहे, हँडल मारलं की सुरू होतं. अडलंय ते विजेच्या कामात.

ज्यांनी ही गाडी जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हिला सेल्फ वेगळा आणि डायनामो वेगळा असं नाही. एकच यंत्र आहे, आणि ते पुढच्या बाजूला साखळीने क्रँकशाफ्टला कायमचं जोडलेलं आहे. पायाखालचं बटण दाबलं की बॅटरीचा करंट घेऊन ते मोटर होतं आणि इंजिन फिरवतं. इंजिनाने पकड घेतली की तेच यंत्र उलट बॅटरी भरायला लागतं. बनावट रॉचेस्टर, न्यूयॉर्कच्या नॉर्थ ईस्ट कंपनीची. बाकीचे बहुतेक जण ६ व्होल्टवर असताना डॉज बंधूंनी १९१४च्या पहिल्या गाडीपासून १२ व्होल्ट वापरले. त्यामुळे आजची साधी कारची बॅटरी चालते, हे आमचं नशीब.

आता तक्रार. इंजिन थंड असताना सेल्फ फिरतो, पण जड फिरतो. पाच-सहा मैल जाऊन गाडी गरम झाली की एक आचका देतो आणि थांबतो. चार्जिंग कधी दाखवतो, कधी नाही. काटा थरथरत राहतो. आणि तिसरं, जे मला सगळ्यात खटकतं : गाडी बंद केल्यावर कधीकधी ॲमीटरचा (करंट दाखवणाऱ्या मीटरचा) काटा डिस्चार्जच्या टोकाला जाऊन तिथेच अडकतो. मग धावत जाऊन बॅटरीची तार काढावी लागते. काढताना चांगली ठिणगी पडते.

एका मोठ्या शहरातल्या वर्कशॉपला फोटो पाठवले. युनिट हातात न घेताच त्यांनी दोन पर्याय दिले. एक, आर्मेचर (आतला फिरणारा गाभा) आणि फील्ड (भोवतीच्या स्थिर गुंडाळ्या) दोन्ही नव्याने भरायचं, म्हणजे जुनी तार काढून नवी गुंडाळायची. दोन, हे युनिट काढून ठेवायचं आणि आजचा अल्टरनेटर नि गिअरवाला सेल्फ बसवायचा. दुसरं मला करायचं नाही. पहिलं करावं का, हे विचारायला हा धागा. युनिट उतरवून बेळगावला आणायची तयारी आहे.

हायवे४८

सुंदर गाडी. फोटो टाका की.

माझं मत थोडं वेगळं आहे, रागावू नका. मी जुन्या जीपा आणि एक फियाट ११०० बाळगून आहे. जुन्या डायनामोवर कितीही खर्च करा, रात्री दिवे लावून संकेश्वरहून निपाणीला यायचं म्हटलं की धाकधूक असतेच. अल्टरनेटर बसवा, मूळ युनिट कपाटात जपून ठेवा. गाडी चालती राहणं महत्त्वाचं.

आर्मेचर_ताई (बेळगाव)

मी डिप्लोमाच्या मुलांना इलेक्ट्रिकल मशीन्स शिकवते. वखारवाला, तुमची तिसरी तक्रार वाचून थांबले. ती खरं तर पहिली तक्रार आहे.

डायनामो आणि बॅटरी यांच्यामध्ये कटआऊट, म्हणजे आपोआप लागणारा-सुटणारा स्विच असतो. एका लोखंडी गाभ्यावर दोन गुंडाळ्या : बारीक तारेची, व्होल्टेज बघणारी, आणि जाड तारेची, मोजक्या वेढ्यांची, करंट बघणारी. डायनामोचं व्होल्टेज बॅटरीच्या वर गेलं की पॉइंट चिकटतात आणि चार्जिंग सुरू होतं. इंजिन बंद पडलं की करंट उलटा वाहू लागतो, जाड गुंडाळी पहिलीच्या विरोधात जाते आणि पॉइंट सुटतात. तुमच्या कटआऊटचे पॉइंट वेळेवर सुटत नाहीत. जळून एकमेकांना धरून बसतात.

साध्या डायनामोत असं झालं तर पट्टा घट्ट, डायनामो जागेवर, बॅटरी उतरते आणि डायनामो तापतो. तुमच्याकडे त्याहून वाईट होतं. हे युनिट मोटरही आहे. पॉइंट चिकटून राहिले म्हणजे सेल्फचं बटण अर्धवट दाबून धरल्यासारखं आहे. आर्मेचर फिरायला बघतं, इंजिनाच्या दाबापुढे फिरू शकत नाही, आणि उभ्या जागी करंट पीत राहतं. फिरत्या आर्मेचरमध्ये करंट कम्युटेटरच्या सगळ्या सेगमेंटांत (ब्रश ज्यांवर टेकून करंट देतात त्या तांब्याच्या तुकड्यांत) वाटला जातो. उभ्या आर्मेचरमध्ये तो ब्रशखालच्या दोन-तीन सेगमेंटांतूनच जातो आणि तेवढीच जागा भाजून निघते. माझा अंदाज असा की तुमचा जड सेल्फ हा याचा परिणाम आहे, मूळ दुखणं कटआऊटचं.

युनिट उतरवायच्या आधी एक मोजमाप करा. दोन माणसं लागतील. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खांबावर धरा, क्लिपवर नको. दुसरं युनिटच्या टर्मिनलवर. दुसऱ्याने सेल्फ दाबायचा. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेत हरवतायत. मग तसंच बॅटरीचा अर्थचा खांब आणि युनिटची बॉडी. आकडे इथे लिहा. आणि तोपर्यंत गाडी बंद केली की बॅटरीची तार काढल्याशिवाय जागा सोडू नका.

खानापूरकर

आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत पाणीच असतं. जुन्या कापसाच्या इन्सुलेशनला ओल धरली तर पण सेल्फ जड होतो का? आमच्या गिरणीची मोटर दर पावसाळ्यात अर्थ दाखवते, म्हणजे करंट बॉडीत गळतो.

आर्मेचर_ताई (बेळगाव)

ओलीने गळती होते, पण १२ व्होल्टवर ती इतकी नसते की सेल्फ जड व्हावा. तरी ओल असताना मोठ्या व्होल्टेजने टेस्ट करू नये, हे खरं. आधी ७०-८० अंशांवर सुकवून घ्यावं, मग मोजावं.

वखारवाला (निपाणी)

ताई, आभार. मोजलं.

बॅटरी उभी १२.६. सेल्फ मारताना खांबांवर १०.१. युनिटच्या टर्मिनलवर ७.६. म्हणजे अडीच व्होल्ट वाटेत. त्यातले दीड व्होल्ट एकट्या स्विच आणि कटआऊटच्या डबीत (या गाडीत दोन्ही एकाच डबीत आहेत), अर्धा व्होल्ट अर्थच्या पट्टीत, राहिलेला केबलमध्ये. डबी उघडली. कटआऊटचा एक पॉइंट खड्डा, दुसरा उंचवटा. स्विचची तांब्याची जीभ काळी पडलीय.

शहापूरचा वायंडर

मी हा धागा माझ्या मुलाकडनं वाचून घेतला, आता तोच टाइप करतोय, मी सांगतोय.

साहेब, मी उसाच्या मोटरी, पंप, ट्रॅक्टरचे डायनामो, ॲम्बेसिडरचे डायनामो भरण्यात हयात घालवली. अगदी मनापासून सांगतो, आर्मेचर भरायची घाई करू नका. शंभर वर्षांपूर्वी कारखान्यात ज्या मापात तार बसवली, जसा दाब दिला, जसा तोल सांभाळला, ते पुन्हा हाताने तसंच्या तसं आणायला माणूस कसबी लागतो, आणि कसबी माणूससुद्धा कारण नसेल तर जुनं वायंडिंग तोडत नाही. एकदा कापलं की गेलं. जळलेलं असेल तर भरू की, त्यात काय. पण आधी जळलंय का ते तर बघू.

घरीच एवढं करा. ब्रशवरची पट्टी असते, ती सोडा. पट्टीच्या आतल्या अंगाला बोट फिरवा. मोहरीएवढे चकचकीत दाणे चिकटलेत का? असले तर ते कथील आहे. आर्मेचर अती तापलं की कम्युटेटरच्या शेपटीतलं (तार सेगमेंटाला जिथं जोडतात तिथलं) कथील वितळतं, आणि फिरताना बाहेर फेकलं जातं. मग तार सेगमेंटात नुसती बसलेली राहते, जोडलेली नसते. थंड असताना टेकते, गरम झाली की सुटते. तुमची गाडी गरम झाली की आचका देऊन थांबते म्हणता, ते याच्यामुळं असणार. आणि कम्युटेटर सगळा सारखा काळा हाय का, की ठरावीक सेगमेंटच्या कडाच जळल्यात? कडा जळलेल्या असतील तर त्या सेगमेंटची तार उघडी. हे भरायचं काम नव्हे. डाग द्यायचं, म्हणजे कथलानं जोडायचं काम.

वखारवाला (निपाणी)

काका, पट्टी काढली. दाणे आहेत. पट्टीच्या आत गोल रांगेत, एका ओळीत चिकटलेले. नखाने निघाले. कम्युटेटरवर चार-पाच सेगमेंटच्या मागच्या कडा जळून मधला मायका (सेगमेंट वेगळे ठेवणारा अभ्रकाचा थर) खरवडल्यासारखा झालाय, बाकीचा तपकिरी आणि गुळगुळीत आहे.

फोटो जोडतोय. ब्रश पण बघा. मला ते नवे वाटतात.

शहापूरचा वायंडर

फोटो बघितला. ब्रश नवे हायत, पण चुकीचे. तो काळा कुळकुळीत कार्बन डायनामोचा. सेल्फला तो चालत नाही. सेल्फ मारताना शंभराच्या वर अँपिअर जातात, त्याला तांबंमिश्रित ब्रश लागतो, लालसर दिसतो. साधा कार्बन घातला की ब्रशमध्येच व्होल्ट जातात आणि ब्रश तापतो. कुणीतरी मापाचा मिळाला म्हणून घासून बसवलाय. ट्रकच्या सेल्फचे ब्रश घेऊन मापाला घासून बसवता येतात. पण तिसरा, बारीक ब्रश आहे ना, तो कार्बनचाच राहू दे. त्यातनं करंट थोडा जातो.

युनिट घेऊन या. काढताना प्रत्येक वायरला चिठ्ठी बांधा. साखळीच्या बाजूला खूण करून ठेवा.

हायवे४८

तिसरा ब्रश म्हणजे? माझ्या फियाटच्या डायनामोला दोनच आहेत.

आर्मेचर_ताई (बेळगाव)

फियाटला वेगळा रेग्युलेटर आहे, तो फील्डचा करंट कमी-जास्त करतो. १९२०च्या सुमाराला बऱ्याच गाड्यांत रेग्युलेटर नसायचा, ते काम तिसरा ब्रश करायचा. ही युक्ती मला फार आवडते, वर्गात मी दरवर्षी शिकवते, अभ्यासक्रमात नसली तरी.

शंट फील्डची गुंडाळी दोन मुख्य ब्रशांवर न लावता एक मुख्य ब्रश आणि हा मधला तिसरा ब्रश यांच्यावर लावलेली असते. आर्मेचरमधून करंट वाहू लागला की आर्मेचर स्वतःचं चुंबकत्व तयार करतं आणि ध्रुवांखालचं मूळ चुंबकत्व एका कडेला ढकलतं, फिरण्याच्या दिशेने. करंट जितका जास्त, तितकं ढकलणं जास्त. तिसरा ब्रश जिथे आहे तिथलं चुंबकत्व त्यामुळे विरळ होतं, त्याला मिळणारं व्होल्टेज पडतं, फील्ड अशक्त होतं, आणि चार्जिंग आपोआप आवरलं जातं. गाडी जोरात पळाली तरी चार्जिंग एका मर्यादेवर जाऊन उलट थोडं उतरतं. एकही हलणारा भाग नाही, स्प्रिंग नाही.

पण यात दोन गोष्टी कायम लक्षात ठेवाव्या लागतात. हा बंदोबस्त करंट बघतो, व्होल्टेज नाही. बॅटरीची तार सैल झाली किंवा इंजिन चालू असताना निघाली, तर करंटला जायला वाट नाही, आर्मेचर चुंबकत्व ढकलणार नाही, आणि व्होल्टेज वर चढत जाईल. दिवे जातील, फील्ड जाईल. म्हणूनच या युनिटमध्ये फील्डच्या वाटेत फ्यूज दिलेला आहे. तो उडाला म्हणून कुणी तार गुंडाळून ठेवू नये. दुसरं, बॅटरी भरली आहे हे या युनिटला कळत नाही. दिवसभर लांबचा पल्ला असेल तर बॅटरी उकळते. जुने ड्रायव्हर भर दुपारी हेडलाइट लावून जायचे ते याच कारणाने.

खानापूरकर

माझे आजोबा बसवर ड्रायव्हर होते. ते सांगायचे दुपारी दिवे लावायचं. आम्हाला वाटायचं धुक्यासाठी सवय लागली असेल. आज कारण कळलं.

पिवळी_स्कूटर

मी विशीतला, गाडीतलं फार कळत नाही, पण वाचायला मजा येतेय. ॲक्टिव्हा ६जीला बटण दाबलं की कर्रर्र आवाज न येता गप्प सुरू होते, ते पण हेच का? एसीजी स्टार्टर म्हणतात त्याला.

आर्मेचर_ताई (बेळगाव)

तत्त्व तेच. क्रँकला कायम जोडलेलं एकच यंत्र, आधी मोटर, मग जनरेटर. दातात दात अडकवायचे नसतात म्हणून आवाज नाही. डॉजचीही त्या काळी हीच ख्याती होती. फरक एवढाच की तुझ्या स्कूटरमध्ये ब्रश-कम्युटेटरचं काम इलेक्ट्रॉनिक्स करतं. मारुतीने २०१५मध्ये सियाझमध्ये स्मार्ट हायब्रिड आणली, तिच्यातही पट्ट्यावरचा स्टार्टर-जनरेटरच आहे. आणि १९१२च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगने जो पहिला यशस्वी सेल्फ दिला, तोही एकत्रच होता.

हायवे४८

हे सगळं मान्य. तरी माझा प्रश्न तसाच आहे. इतकं नाजूक गणित रस्त्यावर कशाला?

वखारवाला (निपाणी)

दादा, तुमची काळजी समजते. पण नाजूक म्हणता तेच युनिट इतकी वर्षं चाललंय, आणि आज जे बिघडलंय ते चुकीच्या ब्रशमुळे आणि पॉइंट साफ न केल्यामुळे. अल्टरनेटर बसवायचा तर ब्रॅकेटसाठी इंजिनाला भोकं पाडायची, साखळीच्या जागी पट्ट्याची पुली करायची, आणि गिअरवाल्या सेल्फसाठी फ्लायव्हीलला दात लावायचे, कारण या इंजिनाच्या फ्लायव्हीलला सेल्फचे दातच नाहीत. ते मी करणार नाही. माझ्या पणजोबांनी ज्या आवाजात ही गाडी सुरू केली, त्याच आवाजात माझ्या मुलीने करावी असं मला वाटतं.

शिवाय कागदपत्रांचाही विचार आहे. २०२१च्या केंद्राच्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात ठेवलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवी नोंदणी २०,००० रुपये, १० वर्षांसाठी, नंतर पुनर्नोंदणी ५,०००. चॅसी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. इंजिनाला भोकं पाडून मग चिक्कोडीच्या आरटीओत मूळ रूप म्हणून उभं राहायचं मला पटत नाही.

हायवे४८

फ्लायव्हीलला दात नाहीत हे मला माहीत नव्हतं. मग तुमचं बरोबर आहे. माझी अल्टरनेटरची सूचना मागे घेतो.

उद्यमबाग_लेथ

कम्युटेटरला कट घ्यायचा असेल तर माझ्याकडे आणा, पैसे नकोत. पण ज्याच्याकडे न्याल त्याला हे सांगा. आर्मेचर चकमध्ये पकडून कट घेऊ नका, दोन सेंटरमध्ये धरा, आणि आधी बेरिंगच्या जागेला डायल लावून रनआऊट (फिरताना किती डगमगतं ते) बघा. टूल धारदार, फीड बारीक. जळलेले डाग जाईपर्यंतच काढायचं, चकचकीत दिसावं म्हणून नाही. तांबं एकदाच मिळतं. कट झाल्यावर मायका सेगमेंटच्या खाली साधारण ०.८ मिमी घ्यायचा. मी हॅकसॉचं ब्लेड बाजूने घासून मायक्याच्या रुंदीचं करून ठेवलंय, त्याने हाताने ओढतो. मायक्याची पापुद्र्याएवढी कडसुद्धा भिंतीला चिकटून राहता कामा नये, नाहीतर ब्रश उडतो.

एमरी पेपर अजिबात नको. त्याचे कण तांब्यात रुततात आणि ब्रश खातात. सुतारी बारीक पॉलिश पेपर चालतो.

टंकलेखक

थोडं अवांतर. याच नॉर्थ ईस्ट कंपनीने १९२०च्या दशकात विजेवर चालणाऱ्या टाइपरायटरची यंत्रणा बनवली. पुढे तो इलेक्ट्रोमॅटिक झाला आणि १९३३मध्ये आयबीएमने विकत घेतला. बेळगावच्या कितीतरी लोकांनी पोटासाठी टाइपिंग शिकलं, त्यांनाही हा धागा जोडलेला आहे असं म्हणायला हरकत नाही. चालू द्या.

वखारवाला (निपाणी)

युनिट उतरवून काकांकडे नेलं होतं. तिथे जे पाहिलं ते सविस्तर लिहितो, पुढे कुणाला उपयोगी पडेल.

काकांनी आधी आर्मेचर ग्राऊलरवर ठेवलं. खाली कॉइल, वर व्ही आकाराची बैठक. आर्मेचर हळूहळू फिरवत वरच्या खाचेवर हॅकसॉचं ब्लेड धरायचं. कुठे आतल्या आत तार तारेला चिकटली असेल तर त्या खाचेवर ब्लेड गुणगुणतं आणि ओढलं जातं. पूर्ण फेरा झाला, ब्लेड कुठेच थरथरलं नाही. म्हणजे शॉर्ट नाही. मग सीरिजचा दिवा घेऊन एक टोक शाफ्टवर, दुसरं सेगमेंटवर. दिवा लागला नाही. म्हणजे अर्थ नाही.

मग शेजारच्या दोन-दोन सेगमेंटमध्ये थोडा करंट सोडून मिलिव्होल्ट मोजले. बहुतेक ठिकाणी आकडा सारखा. जिथे कडा जळल्या होत्या तिथे एकदम चढा. काकांनी खडूने खुणा केल्या आणि म्हणाले, "एवढंच हाय. बाकी सोनं हाय."

शेपट्यांतलं जुनं कथील काढलं, तारांची टोकं घासून लाल केली, राळ लावून शुद्ध कथिलाने डाग दिला. साधं ६०-४० वापरलं नाही. शुद्ध कथील २३२ अंशांला वितळतं, साधं त्याच्या चाळीस-पन्नास अंश आधी. ॲसिडचा फ्लक्स तर त्यांनी दुकानातच ठेवलेला नाही. म्हणाले, ॲसिड कापसात मुरतं आणि वर्षभरात तार हिरवी करून तोडतं. डाग देताना आर्मेचर तिरकं धरलं होतं, कम्युटेटरची बाजू खाली, म्हणजे कथील मागे वायंडिंगमध्ये वाहत नाही. एकेका शेपटीवर जड इस्त्रीचा डाग ठेवून कथील पूर्ण आत उतरेपर्यंत ते थांबत होते. घाई कुठेच नव्हती.

मग उद्यमबागला कट आणि मायका. तिथून परत काकांकडे, आणि पुन्हा ग्राऊलर. मी विचारलं, पुन्हा कशाला? कट घेताना तांब्याचा केसभर कीस दोन सेगमेंटच्या मध्ये अडकला तर नवा शॉर्ट तयार होतो. एके ठिकाणी ब्लेड खरंच गुणगुणलं. ब्रशने झाडून, टोकदार काडीने खाच साफ केली, गप्प झालं.

फील्डच्या गुंडाळ्या भरल्या नाहीत. वरची कापडी पट्टी बोट लागताच भुगा होत होती, ती सगळी सोडून नवी कॉटन टेप अर्ध्यावर अर्धी चढवत गुंडाळली, ओव्हनमध्ये सुकवून वार्निशमध्ये बुडवलं आणि पुन्हा भाजलं. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत बाहेर काढलं नाही. एका ध्रुवाच्या आतल्या बाजूला आर्मेचर घासल्याची चमक होती, म्हणून बेरिंगही बदललं. आणि भरायचं नसूनही काकांनी खाचा मोजल्या, तारेची जाडी, वेढे, जोडणीची दिशा, ब्रशची जागा हे सगळं त्यांच्या जाडजूड वहीत काढून घेतलं. मला झेरॉक्स दिली. पुढे कधी हे आर्मेचर खरंच जळलं तर ज्याच्याकडे न्याल त्याच्या हातात हा कागद द्या, म्हणाले.

आर्मेचर_ताई (बेळगाव)

फार छान. आता बसवण्याआधी बाकावर मोटर म्हणून फिरवून बघा. शिकंज्यात घट्ट धरा, आचका मोठा असतो. नुसत्या सीरिज सेल्फसारखं (ज्यात फील्ड आर्मेचरच्याच वाटेत जोडलेली असते) हे मोकळं सोडल्यावर वेड्यासारखं वेग घेत नाही, कारण शंट फील्ड त्याला आवरतं. उलट ते बेफाम सुटलं तर शंटची वाट कुठेतरी तुटलीय असं समजा आणि लगेच बंद करा. जड फिरलं तर सीरिज आणि शंट एकमेकांच्या विरोधात लागलेत का बघा. मोटर म्हणून चालताना दोन्ही एकाच दिशेने ओढायला हवेत.

डायनामो नव्याने बसवल्यावर त्याला बॅटरीचा क्षणभर स्पर्श देऊन ध्रुव ठरवावे लागतात, ते इथे वेगळं करायला नको. सेल्फ मारताना बॅटरीच ते काम करते.

शहापूरचा वायंडर

ब्रश बेडिंग विसरू नका. पॉलिश पेपर कम्युटेटरवर खरखरीत बाजू वर करून गुंडाळायचा आणि आर्मेचर हाताने फिरण्याच्या दिशेनेच फिरवायचं, ब्रशला कम्युटेटरची गोलाई येईपर्यंत. मग फुंकून सगळी भुकटी काढा. ब्रश नुसता टोकावर टेकला तर माझ्या डागाचं सगळं काम पुन्हा तापून वितळेल.

केबल जुनी ठेवू नका. ५० स्क्वेअरची वेल्डिंग केबल घ्या, लग डाग देऊन बसवा, वरनं कापडी टेप गुंडाळली की जुन्यासारखीच दिसते.

वखारवाला (निपाणी)

बसवलं. आकडे देतो.

स्विचची जीभ घासली, कटआऊटचे पॉइंट बारीक कानशीने सपाट केले, नवी केबल, अर्थच्या पट्टीखालचा रंग खरवडून धातूला धातू लावला. सेल्फ मारताना वाटेतलं नुकसान अडीच व्होल्टवरून अर्ध्या व्होल्टच्या आत आलं. इंजिन गरम असताना, भर उन्हात, पहिल्या दाबाला सुरू. काही आवाज नाही, फक्त साखळीची हलकी सळसळ.

कटआऊट साधारण १३ व्होल्टला धरतो आणि इंजिन थांबता थांबता सोडतो. काटा शून्यावर येतो हे मी दर वेळी बघतो, ही सवय आता कायमची.

चार्जिंग सुरुवातीला ११ अँपिअर दाखवत होतं. मी फक्त दिवसा फिरवतो, म्हणून तिसरा ब्रश फिरण्याच्या उलट दिशेला किंचित सरकवून ६वर आणला. फिरण्याच्या दिशेने सरकवला तर वाढतं, उलट सरकवला तर कमी होतं, हे ज्यांना लागेल त्यांनी लिहून ठेवा. आणि सरकवल्यावर त्या ब्रशचं बेडिंग परत करा.

खानापूरकर

अभिनंदन! पावसाळ्यात काय करणार?

वखारवाला (निपाणी)

पट्टीखाली ओल धरू नये म्हणून जागा कोरडी ठेवतोय, आणि उभी असली तरी अधूनमधून सुरू करून इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत चालवणार. आतला दमट वाफारा तेवढ्याने निघून जातो. बॅटरीच्या वाटेत कट-ऑफ स्विचही घातलाय, तो फक्त गाडी उभी असताना बंद करायचा. इंजिन चालू असताना हात लावायचा नाही, असं त्यावर मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहून चिकटवलंय, कारण गाडी धुणारा मुलगा कन्नड वाचतो.

अथणीचा_मॉरिस

उशिरा आलो. आमच्याकडे १९२०च्या दशकातली मॉरिस काउली आहे, तिच्यातही ल्युकासचा डायनामोटर, १२ व्होल्ट, साखळीवर. सेल्फ फिरतो पण चार्जिंग शून्य. हे सगळं त्याला लागू पडेल का?

आर्मेचर_ताई (बेळगाव)

तत्त्व तेच, जोडणीचा तपशील वेगळा असू शकतो. सेल्फ फिरतो म्हणजे आर्मेचर, मुख्य ब्रश आणि सीरिज फील्ड जिवंत आहेत. आधी शंट फील्डची वाट तपासा : फ्यूज असेल तर तो, मग तिसरा ब्रश अडकून बसलाय का, त्याची स्प्रिंग दाबते का, मग गुंडाळीचा रोध. तिथे सगळं ठीक असेल तर कटआऊट धरतो का ते बघा. मोजून आकडे टाका, आणि नवा धागा काढा, म्हणजे मॉरिसवाल्यांना सापडेल.

शहापूरचा वायंडर

आणि अथणीहून येणार असाल तर आधी फोन करा. ऊस सुरू झाला की दुकानात पाय ठेवायला जागा नसते.